नाटकाच्या पदवीचा दर कोण ठरवतो?

डहाणूहून, तलासरीहून, बोर्डी-घोलवडहून आणि आसपासच्या पाड्यांवरून आलेल्या बंधू-भगिनींनो, आणि कंटाळा आला की पटकन सटकता यावं म्हणून दाराजवळ उभे राहिलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या शाळेत वर्षानुवर्षं नाटकं बसवली. त्यांची जमाखर्चाची वही संयोजकांनी मला दाखवली. रंगीत कागद, खळ, काजळ, पावडरचा डबा, गॅसबत्तीचं भाडं, पडद्याच्या दोऱ्या, पोरांना चहा आणि बटर. अगदी पैशापैशाचा हिशेब. मी आयुष्यभर कॉमर्स शिकवलं, त्यामुळे वही हातात आली की माझी नजर आधी नसलेल्या नोंदीकडे जाते. या वहीत खर्चाच्या बाजूला सगळं आहे, पण नाटक बसवणाऱ्याचं मानधन नाही. शून्यसुद्धा लिहिलेलं नाही. तो रकानाच आखलेला नाही.

आजचा विषय कार्डावर छापलाय तो जरा भारदस्त आहे: ‘विद्यापीठीय नाट्यपदवीचं आर्थिक मोल’. आपण साधं बोलू. डहाणू-तलासरीतल्या एखाद्या मुलीने विद्यापीठात जाऊन नाटक शिकायचं ठरवलं, तर त्यात घातलेला पैसा आणि घातलेली वर्षं परत येतात का? येत असतील तर कुठून? येत नसतील तर का नाही?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही. तलासरीकडची एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली होती. युवा महोत्सवात तिच्या एकांकिकेला बक्षीस मिळालेलं. आता तिला मुंबई विद्यापीठाच्या कालिन्याच्या आवारात, अकादमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये, दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा होता. ती उत्साहाने बोलत होती. वडील गप्प. चहा संपला, कप खाली ठेवला आणि त्यांनी विचारलं, “सर, शिकून झाली का हिला पगार किती बसंल?”

मंडळी, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. कलेचं मोल पैशात होत नसतं! टाळ्या. मी हे वाक्य अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि एक निरीक्षण सांगतो: हे वाक्य बोलणाऱ्याला बहुतेक वेळा महिन्याच्या एक तारखेला पगार मिळत असतो. त्या बापाचा प्रश्न चोख होता. त्याला उत्तरही चोखच मिळायला हवं.

आधी बघू, शिकायला खर्च किती येतो आणि तो कोण करतो.

आपण समजतो की नाटक शिकायला पैसे मोजावे लागतात ही जगाची रीतच आहे. तशी ती नव्हती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं मराठी नाटक शिकण्याची जागा म्हणजे नाटक कंपनी. पोरगा दहा-बारा वर्षांचा कंपनीत यायचा. कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचा, पंगतीत जेवायचा, पहाटे गाण्याची तालीम, दुपारी नकला, रात्री पडद्यामागे उभं राहून बघणं. फी? कसली फी! उलट कामाला लागला की पगार सुरू. शिकवण्याचा खर्च कंपनी सोसायची, कारण शिकलेला नट तिच्याच कामाचा होता. कंपन्यांचा कारभार आदर्श होता असं मी म्हणत नाही. बालगंधर्वांसारख्या नटाची गंधर्व नाटक मंडळीही कर्जात रुतली, तिथे लहानसहान कंपन्यांचं काय? पण बुडाली तर कंपनी बुडायची. शिकाऊ पोराच्या डोक्यावर कर्ज बसत नसे.

मग बोलपट आला. १९३२ला ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्यांची बिऱ्हाडं एकेक करून उठली. शाळा गेली. आता नट तयार करण्याचा खर्च कोणी करायचा? काही काळ कोणीच केला नाही. हौशी मंडळी दिवसा बँकेत, रात्री तालमीत, असं शिकत राहिली. मग सरकार आणि विद्यापीठं पुढे आली. दिल्लीला १९५९मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय झालं. पुणे विद्यापीठात १९८७मध्ये ललित कला केंद्र झालं, गुरुकुल पद्धतीचं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. मुंबईला लोककला अकादमी आली, थिएटर आर्ट्सची अकादमी आली. दिल्लीच्या विद्यालयात तर विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे कंपनीचंच तत्त्व, फक्त मालकाच्या जागी सरकार.

हे तत्त्व सुटलं की काय होतं ते बघायला अमेरिकेत जाऊ. हार्वर्डचं नाव आपल्या पोरांच्या टीशर्टवरसुद्धा असतं. त्या हार्वर्डशी जोडलेली नाटकाची एक पदव्युत्तर शाळा होती. २०१७च्या जानेवारीत अमेरिकन सरकारच्या शिक्षण खात्याने तिला नापास केलं. अभिनयात नाही, हिशेबात. तिथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर साधारण ७८ हजार डॉलर कर्ज, आणि त्याची वर्षाची कमाई सुमारे ३६ हजार डॉलर. खात्याने म्हटलं, हे कर्ज या कमाईतून फिटणार नाही. शाळेने नवे प्रवेश थांबवले. चारच वर्षांनी, २०२१मध्ये, येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेला एका धनिकाने १५ कोटी डॉलर दिले आणि तिथलं शिक्षण सगळ्यांसाठी विनाशुल्क झालं. दोन्ही शाळा नामांकित, दोन्हींकडे उत्तम गुरू. नाटकाच्या बाजारात नटाला मिळणारे पैसे दोघींच्या विद्यार्थ्यांना सारखेच. तरीही एकीच्या पदवीचा हिशेब बुडीत आणि दुसरीचा बरा. फरक कशाने पडला? शिकण्याचं बिल कोणाच्या नावावर फाडलं, एवढ्यानेच.

आता तलासरीच्या मुलीकडे परत येऊ, आणि खडू घेऊन हिशेबच मांडू. ती शिकायला गेली नाही तर काय करेल? सीमेपलीकडे उंबरगाव, सरीगाम, वापी, इकडे सिल्वासा. सकाळी कंपन्यांच्या गाड्या भरून जाताना आपण रोज बघतो. समजा तिला तिथे महिन्याला १५ हजार मिळतील. दोन वर्षांचे झाले ३ लाख ६० हजार. शिकायला गेली की हे गेले. अर्थशास्त्रात हा सगळ्यात मोठा खर्च, आणि फीच्या पावतीवर तो कधीच छापलेला नसतो. आता जमेची बाजू. ती आदिवासी आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि अटी बसल्या, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून मुंबईत राहणाऱ्याला वर्षाला ६० हजार मिळतात: ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार निर्वाहाचे. मुंबईत ३२ हजारांत वर्षभर जेवण? ते कसं, हे मला विचारू नका, शासन निर्णय लिहिणाऱ्याला विचारा. पण दोन वर्षांचे १ लाख २० हजार आले, आणि घरी राहिली असती तर तेवढंच पोटाला लागलंच असतं, असं धरू. उरले २ लाख ४० हजार. ही तिच्या पदवीची खरी किंमत. पदवीमुळे तिला महिन्याला चार हजार जास्त मिळाले तर पाच वर्षांत वसूल. दोनच हजार जास्त मिळाले तर दहा वर्षं.

याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा. मुंबईतल्या एखाद्या खासगी अभिनय संस्थेची सहा लाखांची फी कर्ज काढून भरली, व्याज ११ टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता बसतो दहा हजारांच्या वर. दर महिन्याला. काम असो, नसो. म्हणून माझं पहिलं मत सांगून टाकतो, मग पुढे जाऊ: कर्ज काढून नाटक शिकू नका. सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला तर जरूर जा. जाहिरातीतले फोटो बघून बापाची वाडी गहाण टाकू नका.

आणखी एक खर्च असतो तो वेळेचा. डहाणूहून चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, मोठी सोय झाली. पण तलासरीला तीही नाही, आधी घोलवड किंवा उंबरगाव रोड गाठा. आणि नाटकाची तालीम काय पाचला सुटते? अकराला दिग्दर्शक म्हणतो, एकदा शेवटचा प्रवेश घेऊ. डहाणूच्या पोराचा जीव घड्याळात. ज्याचं घर दादरला त्याला जे शिक्षण मिळतं, तेच आपल्या पोराला दीडपट श्रमात मिळतं. असो.

आता कमाई. पदवी मिळाली, पुढे?

नाटकातल्या नटाला पगार नसतो, ‘नाइट’ असते. प्रयोग झाला तर पैसे. प्रयोग रद्द, नाइट रद्द. मालिकेत ‘पर डे’ असतो, आणि तो हातात पडायला नव्वद दिवस लागतात. मार्चमध्ये घाम गाळा, जूनमध्ये पैसे बघा. मधले तीन महिने भाडं कशाने भरायचं? मित्रांच्या खोलीत पथारी टाकून. मुंबईत नाटकवाल्यांची घट्ट मैत्री असते म्हणतात. त्यात प्रेमाचा भाग आहेच, पण भाड्याचाही आहे.

मला लगेच नावं सांगितली जातात. सर, मुक्ता बर्वे ललित कला केंद्रातल्या ना? हो. सर, वामन केंद्रे बीडच्या खेड्यातले, वडील भारूड करायचे, ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले आणि पुढे २०१३ ते २०१८ त्याच विद्यालयाचे संचालक झाले ना? हो, झाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण हिशेब शिकवणाऱ्या माणसाने तुम्हाला एवढं तरी सांगितलंच पाहिजे की पोस्टरवर जे चेहरे येतात त्यांची सरासरी काढून कुणी संसार मांडू नये. ब्रिटनमध्ये २०२०मध्ये लाखो पदवीधरांच्या कमाईचा अभ्यास झाला. त्यात कलाशाखांची पदवी घेतलेल्या पुरुषांना आयुष्यभराच्या कमाईत सरासरीने काही फायदा झालेला दिसला नाही, उलट थोडा तोटाच. ही सरासरी आहे. सरासरीत राजा असतो आणि रिकामा बसलेलाही असतो.

मग कमाईच्या जागा कुठे आहेत? एक जागा तर आपल्या कुंपणाला लागून आहे, आणि तिच्याकडे आपण कामाची जागा म्हणून बघतच नाही. उंबरगाव. १९८७च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी अख्खा देश टीव्हीसमोर हात जोडून बसायचा तो रामानंद सागरांच्या ‘रामायणा’साठी. अयोध्या कुठे होती? उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत! पुढे २०१३चं ‘महाभारत’, मग राधाकृष्णाची मालिका, सगळ्यांचे सेट उंबरगावातच. घोलवडच्या पुढेच. देवादिकांनी एवढ्या जवळ मुक्काम ठोकलाय आणि आपल्या पोरांना त्यातलं काय मिळतं? गर्दीत उभं राहायचं काम. एक पोरगा मला सांगत होता, “सर, सकाळी पांडवांकडून लढलो, जेवण झाल्यावर कौरवांकडून.” मुकुट तेच, फक्त कमरेचं कापड बदललं. दिवसाची मजुरी घेतली आणि घरी आला. त्याच सेटवर प्रकाशयोजना करणारा, वेशभूषा सांभाळणारा, संवाद म्हणून घेणारा, नेपथ्याचे नकाशे वाचणारा माणूस मुंबईहून येतो, हॉटेलात राहतो आणि या पोराच्या कित्येक पट घेतो. नाट्यपदवीत ही सगळी कामं शिकवली जातात. आपल्याकडे मात्र पदवी म्हटलं की फक्त अभिनय डोळ्यांसमोर येतो. मुलांनो, दाराजवळच्या मुलांनो, ऐका: ज्याला लाइटचं काम येतं त्याला चेहरा चालतो की नाही याची काळजी नसते. त्याला काम आधी मिळतं आणि वय झाल्यावरही मिळतं.

आता मी जरा रेंगाळणार आहे. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं तरी चालेल.

आपल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, १९३४ सालचा. लग्नचौक लिहिणं हे वारली सवाशिणींचं काम. हा माणूस लग्न नसतानाही चित्रं काढत बसायचा. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी इकडे आले, त्यांनी ही चित्रं ओळखली, कागद दिले, कापड दिलं. मग दिल्ली, मग परदेश. २००९मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ला पद्मश्री. २०१८मध्ये ते गेले. त्यांच्यामागून आज आपल्याकडे कितीतरी घरांत चित्रावर चूल पेटते. कुडावरचं चित्र भौगोलिक मानांकनापर्यंत पोचलं.

आता मला सांगा, वारली चित्रात सगळ्यात जास्त खपणारं चित्र कोणतं? तारपा नाच. मध्ये तारपेकरी, भोवती हातात हात घातलेल्या माणसांचा वळत जाणारा फेरा. साडीवर तो, कपावर तो, विमानतळाच्या भिंतीवर तो, रेल्वे स्टेशनवर तो. म्हणजे नाचाचं चित्र विकलं जातं. आणि नाच?

तारपा जवळून बघितला नसेल अशा मंडळींसाठी सांगतो. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, सांधे मेणाने लिंपलेले, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांब कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही. नाकाने आत घेतो, गालात साठवतो आणि फुंकर चालूच. रात्रभर. फेऱ्यातला माणूस तारपेकऱ्याला पाठ दाखवत नाही. सूर बदलला की पावलं बदलतात, फेरा उलटा वळतो. हे शिकायला वर्षं जातात. आणि आपण या मंडळींना कुठे बोलावतो? मंत्री आले की स्वागताला. बँकेची शाखा उघडली की उद्घाटनाला. समुद्रकाठच्या एखाद्या रिसॉर्टवर पाहुण्यांना फोटो काढायला. टेम्पोत घालून आणायचं, उन्हात दोन तास उभं करायचं, वीस मिनिटं नाचवायचं, वडापाव द्यायचा आणि प्रमाणपत्र द्यायचं. मी अशा एका कार्यक्रमाला पाहुणा होतो. मला शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळालं, आणि मी बोललो फक्त सात-आठ मिनिटं.

चित्राला पैसे मिळाले, नाचाला का मिळाले नाहीत? नाच कमी दर्जाचा आहे म्हणून? नव्हे. चित्र गुंडाळून पॅरिसला नेता येतं, भिंतीवर टांगता येतं, पुन्हा विकता येतं. नाच आणि नाटक साठवता येत नाही. ते घडतं आणि संपतं, पुन्हा हवं असेल तर सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागतं. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली हेच मांडलं. कारखान्यात यंत्र आलं की पूर्वी दहा जणांनी केलेलं काम दोघं करतात, मजुरी वाढली तरी मालकाला परवडतं. पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागत होती, आजही चारच लागतात, आणि वेळही तेवढाच लागतो. तिथे यंत्र काही वाचवत नाही. म्हणून प्रयोगाची कला भोवतालच्या जगाच्या मानाने दर वर्षी महाग होत जाते, आणि तिकिटाच्या पैशात ती कधीच पूर्ण भागत नाही. तारप्याला हे तंतोतंत लागू आहे. फेऱ्यातली वीस माणसं काढून तिथे दोन माणसं आणि एक स्पीकर ठेवता येत नाही. म्हणजे, ठेवतात. डीजे म्हणतात त्याला.

या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो आणि तो नाट्यपदवीला थेट भिडतो. प्रयोगकलेचा बाजार तिकिटावर उभा राहत नाही. त्याला समाजाने, सरकारने, शाळेने, गावाने ठरवून पैसे द्यावे लागतात. ते ठरवलं तर पदवीला किंमत येते. नाही ठरवलं तर पदवी उत्तम असूनही कवडीमोल. त्या मुलीच्या वडिलांना मी हेच सांगितलं, की पगार किती हे पोरीच्या गुणांवर थोडं आणि आपण सगळे काय ठरवतो यावर जास्त अवलंबून आहे.

आपण आजवर काय ठरवलंय? राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना मानधन देतं. २०२४पासून ते महिना ५ हजार झालं. चांगलं झालं, पूर्वी तर सव्वादोन-तीन हजारच होते. पण अट पन्नाशीची. पंचविशीत पदवी घ्यायची, पन्नाशीला मानधन. मधली पंचवीस वर्षं? कलावंताने म्हातारं व्हायची वाट बघत बसायचं?

आणि मधल्या वर्षांत करण्यासारखं काम नाही का? भरपूर आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना देशाने या टेकडीवरून उचलली. आणि त्या अंगणात काय चालायचं? गाणी, अभिनय, गोष्टी, खेळ. घरी वारली बोली बोलणारं मूल शाळेत पुस्तकी मराठीसमोर मुकं होतं. त्याचं तोंड उघडतं ते नाटकात, गाण्यात. हे आपल्या मातीत सिद्ध झालेलं शास्त्र आहे. आज आश्रमशाळेत पहिलीपासून घर सोडून राहणाऱ्या पोराला नाटक शिकवणारा माणूस हवा की नको? मला वाटतं गणिताच्या शिक्षकाइतकाच हवा. पण संचमान्यता, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांचा कागद, काढून बघा. नाट्यशिक्षक नावाचं पदच नाही. शिक्षणहक्क कायद्यात, सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेचा अर्धवेळ निदेशक हवा असं म्हटलंय. अर्धवेळ, तोही शंभरावर पोरं असली तर! आपल्या पाड्यावरच्या शाळेत शंभर पोरं आणायची कुठून?

राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत. प्रत्येकीत एक नाट्यशिक्षक नेमला आणि त्याला प्राथमिकच्या शिक्षणसेवकाइतके १६ हजार दिले, तर वर्षाला खर्च साधारण १९ कोटी २० लाख. इथे आपल्या किनाऱ्यावर वाढवणला ७६ हजार कोटींहून मोठं बंदर होतंय. ते हवं की नको यावर आज मी बोलणार नाही, तो वेगळ्या सभेचा विषय आहे आणि तिथे मला बोलावलं तर येईन. मी फक्त दोन आकडे शेजारी ठेवले. हजार पदं निघाली की दुसऱ्या दिवशी कालिना, पुणे, संभाजीनगर, सगळ्या नाट्यविभागांच्या पदवीचा भाव बदलेल. अभ्यासक्रमातली एक ओळही न बदलता.

कोणी म्हणेल, सर, सरकार पदं काढेल तेव्हा काढेल, आपण काय करायचं? आपण काय केलं होतं ते आठवा. याच तलासरीत झरी गाव आहे. १९४५च्या मे महिन्यात तिथे वारली जमले, किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते, आणि ठरलं: वेठ करायची नाही. फुकट राबायचं नाही. आणि नुसतं ‘नाही’ म्हणून ते थांबले नाहीत. त्या वर्षीच्या गवतकापणीला त्यांनी दर सांगितला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. सावकार, जमीनदार हसले असतील. गवताला कुठे दर असतो? लंगोटीतल्या माणसाने दर सांगायचा? ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. पण दर घेतला. ज्या कामाला कोणी काम म्हणत नव्हतं, त्याला आपल्या आजा-पणजांनी आकडा लावून दाखवला.

आणि त्यांच्याच नातवंडांना आपण टेम्पोत घालून फुकट नाचायला नेतो! गावातल्या पदवीधर पोराला सांगतो, अरे स्नेहसंमेलनाचं तेवढं बसवून दे ना, तुझी आवड आहे! महिनाभर तो तालमी घेतो, शेवटी गुलाबाचं फूल. सरकारी खातं व्यसनमुक्तीचं, कुपोषणाचं पथनाट्य मागतं आणि बिल सहा महिने फिरवतं. मंडळी, हे वेठीपेक्षा वेगळं कसं?

मग दर कसा ठरवायचा? आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत, आणि पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. त्यातून शिक्षणावरही खर्च करता येतो. गटारं आणि पेव्हर ब्लॉक झाल्यावर थोडे पैसे माणसांवरही घालू. तारपा, ढोल, कांबड, नाटक, ज्या कोणाला कार्यक्रमाला बोलवायचं असेल त्याने माणशी दर द्यावा, आणि तो रोजगार हमीच्या मजुरीखाली नसावा. २०२५-२६चा हमीचा दर ३१२ रुपये होता. खड्डा खणणाऱ्याला ३१२ आणि रात्रभर श्वास न तोडता वाजवणाऱ्याला वडापाव, हे यापुढे नाही. जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण वेगळं. शाळेत नाटक बसवायला नाट्यपदवीधर बोलावला तर त्याचं मानधन आधी कागदावर लिहायचं, मग तालीम सुरू. आणि डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे मागणी पाठवायची, की आमच्या आश्रमशाळांना नाट्यशिक्षकाचं पद द्या. एका गावाचा कागद टेबलावर पडून राहील. पन्नास ग्रामसभांचे कागद गेले तर साहेबांना उत्तर द्यावं लागेल.

त्या मुलीचं काय झालं ते विचारलंत तर सांगतो. तिने अर्ज भरलाय. वडिलांनी स्वयं योजनेचे कागद जमवायला घेतलेत, जातवैधता प्रमाणपत्रासाठी खेटे घालणं चाललंय. मी तिला दोन गोष्टी बजावल्या: तिथे अभिनयाबरोबर प्रकाशयोजना शिकून घे, आणि जमलं तर पुढे बीएड कर. कोणी तिला सांगेल की यात कलेची निष्ठा कमी पडते. सांगू द्या.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. आत्ता सांगितलेल्या मागण्यांच्या ठरावाचा मसुदा मी साध्या मराठीत लिहून आणलाय. एका कागदावर मावतो, प्रती टेबलावर ठेवल्या आहेत. फक्त गावाचं नाव आणि तारीख घालायची जागा मोकळी सोडली आहे. जाताना प्रत्येक गावाने एक प्रत न्यावी, आणि ठराव झाला की त्याची नक्कल व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे आणून द्यावी.